थार, जिम्नी, जिप्सीच्या मागे भरलेली ट्रॉली डुलते: दर सीझनला येणारा प्रॉब्लेम आणि तो कुठे शोधायचा

द्राक्षाचा सीझन सुरू झाला की नाशिकच्या दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव भागातून एकच तक्रार ऐकू येते. छोटी दोन चाकी ट्रॉली थारच्या मागे लावली, रिकामी असताना एकदम शांत येते, क्रेट भरले आणि हायवेला लागलो की ५५-६० च्या पुढे मागून झोला मारायला लागते, आणि ट्रॉली झोला मारते म्हणजे गाडीचं मागचं पण हलवते, स्टेअरिंग हातात हलकं वाटतं, बाजूने ट्रक गेला की काळजाचा ठोका चुकतो. मग गॅरेजवाला म्हणतो हूक बदला, हूक बदलला की चार दिवस बरं वाटतं, परत तेच. मग टायर बदलतात, मग शॉकअप, आणि शेवटी सगळे एका निष्कर्षावर येतात की गाडीच आखूड आहे, हिच्यामागे ट्रॉली लावायचीच नाही.

मला हे मान्य नाही. आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली गाडी डुलणं सुरू करत नाही, ट्रॉलीत असलेला दोष ती लवकर आणि जोरात दाखवते. थोडा हिशोब बघा. तीन दरवाजांच्या नव्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे, बोलेरोचा २६८०, जुन्या जिप्सीचा २३७५, आणि आपल्याकडच्या पाच दरवाजांच्या जिम्नीचा २५९०. समजा हूकचा बॉल (ट्रॉलीचं तोंड ज्याच्यावर बसतं तो गोळा) मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे आहे आणि ट्रॉली त्या बॉलला आडवं १०० किलोने ढकलतेय, तर थारच्या पुढच्या चाकांना साधारण ४१ किलोने सावरावं लागतं आणि बोलेरोच्या ३७ किलोने. फरक आहे, पण एक गाडी रस्त्यावर राहावी आणि दुसरी नाचावी इतका अजिबात नाही. त्यात वजनाचा मुद्दा वेगळा, जिम्नी जेमतेम १२०० किलोची गाडी आहे, तिला ५०० किलोची ट्रॉली जितकी हलवेल तितकी थारला हलवणार नाही. म्हणून गाडी बदलायचा विचार करण्याआधी ट्रॉली तपासा.

सगळ्यात आधी मोजायचं ते हूकवर पडणारं वजन. माझ्या बघण्यात डुलणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांचं मूळ इथेच निघालंय, आणि हेच कुणी मोजत नाही कारण ते दिसत नाही. दोन चाकी ट्रॉलीत एक्सलच्या पुढे थोडं जास्त वजन असायला पाहिजे म्हणजे ट्रॉलीचा पुढचा दांडा हूकवर दाबून बसतो. एकूण भरलेल्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के हूकवर यायला हवं, म्हणजे ५०० किलोची भरलेली ट्रॉली असेल तर ३५ ते ५० किलो. यापेक्षा खूप कमी असलं, किंवा मागे जास्त वजन असल्यामुळे ट्रॉली हूकला वर उचलत असली, तर ती डुलणारच, मग पुढे कितीही भारी गाडी लावा. आणि उलट खूप जास्त टाकलं तर गाडीचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. गाडी बनवणाऱ्या कंपनीने हूकवरच्या वजनाची मर्यादा दिलेली असेल तर तिच्या वर जायचं नाही, मॅन्युअलमधलं टोइंगचं पान त्यासाठी नीट वाचा.

मोजायला काही लागत नाही, घरातला पाय ठेवून वजन बघायचा काटा पुरतो. ट्रॉली रोज भरता तशीच भरा, सपाट जागेवर घ्या, चाकांना पुढून-मागून दगड लावा, हूक सोडवा, काट्यावर एक फळी आणि तिच्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून दांड्याचं तोंड त्याच्यावर टेकवा, पण दांडा बरोबर त्याच उंचीला राहिला पाहिजे ज्या उंचीला तो गाडीला जोडलेला असतो. खाली किंवा वर ठेवून मोजलंत तर आकडा चुकीचा येईल. फळी आणि ठोकळ्याचं वजन वजा करा. एकूण वजनासाठी जवळच्या भुईकाट्यावर एकदा भरलेली ट्रॉली गाडीपासून सोडवून तिचं वजन करून घ्या, पावती जपून ठेवा, ती पुढे पण कामाला येते कारण अंदाजाने आपण नेहमी कमीच सांगतो.

आता हूकवर वजन कमी का येतं. आपल्याकडे सातपूर-अंबडला किंवा गावातच वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली बनवून घेतात, आणि बरेच जण एक्सल हौद्याच्या बरोबर मध्यावर टाकतात कारण दिसायला ते बरोबर दिसतं. मध्यावर एक्सल आणि माल सारखा पसरून भरला की हूकवर फक्त दांड्याचं वजन उरतं, मालाचं काहीच नाही. बॉलपासून एक्सलपर्यंत २.४ मीटर अंतर असेल आणि आठ टक्के वजन पुढे हवं असेल तर मालाचा मध्य एक्सलच्या साधारण १९ सेंटीमीटर पुढे पाहिजे, म्हणजेच एक्सल हौद्याच्या मध्यापेक्षा जवळजवळ वीतभर मागे. नवीन ट्रॉली बनवायची असेल तर वेल्डिंगवाल्याला हे आधीच खडूने मारून द्या. तयार असलेलीचा एक्सल सरकवायचा म्हणजे पाट्याचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) ब्रॅकेट कापून परत लावावे लागतात, करता येतं पण चांगल्या हाताने करून घ्या.

तोपर्यंत माल हलवून काम भागतं. द्राक्षाचं भरलेलं क्रेट साधारण २० किलोचं धरा, त्यातले पाच क्रेट अर्धा मीटर पुढे सरकवले की हूकवर २० किलो वाढतात. बागेत काय होतं, माणसं मागून भरत जातात, घाईत पुढच्या कोपऱ्यात जागा राहते आणि मागे तीन-तीन थर चढतात, आणि मग मागून फाळका (मागची फळी) कसून बांधतात. म्हणून त्याच ट्रॉलीला एका फेरीत काहीच होत नाही आणि दुसऱ्या फेरीत ती नाचते, आणि मालक बिचारा हूककडे बघत बसतो. भरणाऱ्या माणसांना सांगून ठेवा, जड थर एक्सलवर आणि त्याच्या थोडं पुढे, मागे हलकं, आणि उंच रचण्यापेक्षा पसरून.

फवारणीची टाकी ओढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. आडवी पाण्याची टाकी अर्धी भरलेली असेल आणि आत आडपडदे नसतील तर पाणी पुढे-मागे धावतं. २५० लिटर म्हणजे २५० किलो, त्याचा मध्य नुसता २० सेंटीमीटर मागे गेला तरी हूकवरचे २० किलो गायब. ब्रेक मारला की परत पुढे येतं आणि गाडीला मागून धक्का बसतो. रस्त्यावर न्यायची तर टाकी पूर्ण भरून न्या नाहीतर पूर्ण रिकामी, शेतात जाऊन भरा.

दुसरं कारण हूकची उंची, आणि नाशिकमधल्या थारवाल्यांमध्ये हे फार दिसतं कारण अर्ध्या गाड्यांना लिफ्ट किट आणि मोठे टायर आहेत. ट्रॉली बनवली होती साध्या गाडीच्या उंचीने, गाडी उचलली, आता दांडा पुढे वर जातो आणि हौदा मागे कलतो. वरच्या हिशोबातल्याच ५०० किलोच्या ट्रॉलीला बॉल २० सेंटीमीटर उंच पडला, आणि मालाचा मध्य एक्सलच्या ६० सेंटीमीटर वर असला, तर तो मध्य ५ सेंटीमीटर मागे सरकतो आणि हूकवरचे १० किलो जातात. माल एक किलोने बदलला नाही, कुणी काही हलवलं नाही, तरी ४० चे ३० झाले. गाडीला लिफ्ट केल्यावर ट्रॉली डुलायला लागली असं ज्यांचं झालंय त्यांनी आधी ट्रॉली जोडून बाजूने लांब उभं राहून बघा, हौद्याची तळरेघ रस्त्याला समांतर हवी, पुढे जरासा उतार चालेल, मागे उतार चालणार नाही. उपाय म्हणजे हूकचा खाली उतरलेला ब्रॅकेट लावणे. दांडा कापून वाकवून वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका, दांडा तुटला तर ट्रॉली समोरच्या गाडीवर जाते.

तिसरं, हूक आणि तो कुठे बसवलाय. थार, जिप्सी, जिम्नी तिन्ही चेसिसवाल्या गाड्या आहेत, हूक चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने पकडलेला पाहिजे. बाजारात मागचा लोखंडी बंपर गार्ड आणि त्यालाच वेल्ड केलेला बॉल असं मिळतं, ते टोचन करून बंद गाडी गॅरेजपर्यंत न्यायला पण धड नाही, भरलेल्या ट्रॉलीचा तर विषयच नको, आणि बंपर गार्डवर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्र सरकारची बंदी आहे ते वेगळंच. ट्रॅक्टरसारखी रिंग आणि पिन असेल तर पिनमध्ये खेळ किती आहे ते बघा. एक माणूस दांडा धरून पुढे-मागे झटके देईल आणि तुम्ही हाताचं बोट पिन आणि रिंगच्या फटीजवळ न घालता नुसतं बाजूने बघा, ठक ठक आवाज आणि डोळ्याला दिसण्याइतकी हालचाल असेल तर रस्त्यावर प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की तोच झटका गाडीला बसतोय. ५० मिमीचा बॉल आणि त्याचं लॉकवालं कपलर (बॉलवर बसणारं दांड्याचं तोंड) रस्त्यासाठी केव्हाही बरं. दोन सेफ्टी चेन हूकच्या खाली फुलीत बांधा, म्हणजे दांडा सुटला तरी जमिनीत न घुसता चेनवर झेलला जाईल.

आता जे कारण सगळ्यात जास्त दिवस लपून राहतं ते. एक्सल तिरका असणे. दिंडोरी रोडकडच्या एका बागेतली ट्रॉली होती, हूक नवा, टायर नवे, वजन पण बरोबर पुढे, आणि तरी डाव्या बाजूला ओढून डुलायची. टायरवर हात फिरवला तर आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना नक्षीच्या कडा तळव्याला टोचत होत्या. टायर नवे असून असं व्हायला लागलं म्हणजे चाक सरळ चालतच नाही, थोडं तिरकं घासत चाललंय. मग टेप घेऊन बॉलच्या मध्यापासून डाव्या हबपर्यंत आणि उजव्या हबपर्यंत मोजलं, डावीकडे जवळजवळ दोन सेंटीमीटर जास्त. खाली शिरून बघितलं तर डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट (पाट्याच्या मधोमध असणारा) तुटलेला, यू बोल्ट (एक्सल पाट्याला आवळून धरणारे) ढिले, आणि एक्सल पाट्यावरून हळूहळू मागे सरकलेला, सरकल्याची चकचकीत खूण पाट्यावर स्पष्ट दिसत होती. यू बोल्ट वेळेवर आवळले नाहीत की सगळा जोर त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो आणि एखाद्या खड्ड्यात तो जातो. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर हे हमखास तपासा. दोन्ही बाजूंची मापं पाच मिलीमीटरच्या आत जुळली पाहिजेत. नवीन बोल्ट टाकून एक्सल चौकोनात आणला आणि यू बोल्ट आवळून, पहिल्या भरलेल्या फेरीनंतर परत आवळला, की हे दुखणं संपतं.

चाक वर उचललंच आहे तर बेअरिंग पण बघून घ्या, घोडीवर ट्रॉली ठेवून चाक वर आणि खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग आवळायला किंवा बदलायला झालंय. टायरचं म्हणाल तर छोट्या ट्रॉल्यांना बहुधा ओम्नी किंवा छोटा हत्तीचे जुने १२ इंची टायर बसवतात, नक्षी भरपूर दिसते पण रबर कडक होऊन बाजूच्या भिंतीला तडे गेलेले असतात. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे बघा, २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्याचा. ओम्नीचा एक आणि वेगळ्या गाडीचा दुसरा असं जोडून चालवू नका. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या जवळ ठेवा, भरलेल्या ट्रॉलीत मऊ टायर म्हणजे डुलण्याला आमंत्रण. गाडीच्या मागच्या टायरचं पण तसंच, दरवाजाजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, ट्रॉली लावायच्या दिवशी तो भरा. शनिवारी-रविवारी चिखलात जायला हवा कमी केलेली असते आणि सोमवारी तशीच ट्रॉली जोडतात, ऑल टेरेन टायरची उंच भिंत अशा वेळी आडवी इतकी हलते की गाडी स्वतःच डुलल्यासारखी वाटते.

हे सगळं एका दमात करू नका. आधी हूकवरचं वजन आणि उंची, मग एकदा चालवून बघा. मग एक्सलचं माप आणि टायर. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर खरं कारण कळेल, नाहीतर चार गोष्टींवर पैसे जातील आणि पुढच्या सीझनला परत तोच प्रश्न. चालवून बघायला सकाळी लवकर मोकळा सरळ रस्ता घ्या, ४० ला, मग ५० ला, आणि स्टेअरिंगला मुद्दाम झटका देऊन ट्रॉली हलते का ते बघायचा प्रयोग कृपा करून कुणी करू नका.

प्रत्येक गाडी-ट्रॉलीच्या जोडीला एक वेग असतो, त्याच्या खाली झोला आपोआप शांत होतो आणि त्याच्या वर तो प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातो. वरच्या सगळ्या दुरुस्त्या हा वेग वर ढकलतात, नाहीसा करत नाहीत. म्हणून हलक्या गाडीमागे ब्रेक नसलेली ट्रॉली असेल तर ६० ही मर्यादा धरा. ६० चे ८० केले की अंगातला जोर पावणेदोन पट होतो, आणि ओझर-पिंपळगावच्या मोकळ्या पट्ट्यात बाजूने व्होल्वो गेली की आधी ढकलते आणि मग ओढते, तेव्हा तो जोर कुठे जायचा ते तुमच्या हातात राहत नाही.

झोला सुरू झालाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उचला, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, झोल्याच्या उलट फिरवायला जाऊ नका कारण आपला हात नेहमी अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो आणि झोला वाढवतो. जोरात ब्रेक मारू नका. आणि जुने ड्रायव्हर सांगतात तसं वेग वाढवून ट्रॉली सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको. वेग खाली आला की ती शांत होते, मग बाजूला घ्या आणि माल बघा, तसंच पुढे जाऊ नका.

घाटाचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. कसारा घाट उतरताना किंवा चांदवडच्या राहूड घाटात ब्रेक नसलेली ट्रॉली गाडीला मागून ढकलते. १२०० किलोच्या जिम्नीमागे ६०० किलो असेल तर गाडीच्या ब्रेकना दीडपट वजन थांबवायचंय, आणि वळणावर ब्रेक मारला की तो धक्का तिरका बसतो, आखूड गाडीचं मागचं बाहेर निघतं आणि गाडी-ट्रॉली चाकूसारखी मिटते. बाहेरच्या देशांत जिथे कंपनी जिम्नीला ओढायचे आकडे देते तिथे ब्रेक असलेल्या ट्रेलरला १३०० किलो आणि ब्रेक नसलेल्याला फक्त ३५० किलो दिलेत, ब्रेकने किती फरक पडतो ते त्यावरूनच बघा. घाटात न्यायचीच असेल तर दांड्यातल्या धक्क्यावर चालणारे ब्रेक ट्रॉलीला बसवून घ्या, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, आणि फोर हाय (चारही चाकांना ताकद देणारा रस्त्याच्या वेगाचा गिअर) टाकू नका. या गाड्यांची फोर व्हील पार्ट टाइम आहे, कोरड्या डांबरावर वळताना ती अडकते, पुढची चाकं घासतात आणि गाडी आणखी बिथरते. फोर लो (तोच, पण सावकाश आणि जास्त जोराचा) उपयोगी पडते ती बागेत चिखलात रिव्हर्स घेताना किंवा गंगापूर धरणाच्या काठाला बोट उतरवताना, तिथे क्लच वाचतो.

रिव्हर्सला आखूड गाडी आणि आखूड ट्रॉली म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ट्रॉली वाकडी होते. दांडा लांब असेल तर सोपं जातं आणि रस्त्यावर पण ती शांत चालते, नवीन बनवताना दांड्यात लोखंड वाचवू नका. थारला तर मागचा दरवाजा स्टेपनीसकट बाजूला उघडतो, आखूड दांड्यावर जॅकची दांडी उभी असली तर ट्रॉली जोडलेली असताना दरवाजा उघडतच नाही.

लाइट तपासताना एक लक्षात ठेवा, ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ (अर्थिंगची जोडणी) गेलेला असतो. गंजलेल्या हूकमधून अर्थ घेऊ नका, सॉकेटमधून वेगळी वायर ट्रॉलीच्या चेसिसला लावा. आणि कागदांचं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे सुद्धा मोटार वाहनच धरलंय, त्यामुळे त्याची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. ट्रॉली बनवायला टाकायच्या आधीच पेठ रोडच्या आरटीओत जाऊन काय काय लागेल ते विचारून या, बनून झाल्यावर मापं बदलणं महागात पडतं.